तासांमधली चार मिनिटं

मारामारीला आवाज असतो, एवढं इंगवले सरांना तीस वर्षांच्या नोकरीत पक्कं ठाऊक झालं होतं. आधी शिव्या, मग ढकलाढकली, मग बघ्यांचा गलका, आणि गलका ऐकून धावत येणारा एखादा शिक्षक. प्रयोगशाळेमागच्या जिन्यात त्या सोमवारी जे चाललं होतं त्याला आवाजच नव्हता. म्हणून ते काय आहे हे कळायला सरांना चार पायऱ्या जास्त उतराव्या लागल्या.

सातवीची सहा पोरं होती. चार मुलगे, दोन मुली. मधे एक मुलगी गुडघ्यांवर बसलेली. वेदांग मोहिते तिचे केस मुठीत धरून तिचं डोकं पाण्याच्या नळावर आपटत होता. एकदा आपटायचं, थांबायचं, परत आपटायचं. घाई नव्हती, राग दिसत नव्हता. बाकीची पाच तिच्या पाठीत आणि कमरेत लाथा घालत होती.

"ए पैलवान, म्हशीचं दूध प्यायली न्हाईस का आज?" एक मुलगी कुजबुजली.

"लंगोट घरी ऱ्हायला वाटतं," दुसरा म्हणाला, आणि कुणीतरी नाकातून हसलं.

सरांच्या घशातून शब्द निघायच्या आत तासाची घंटा वाजली. सहाही जणांनी एकदम हात-पाय काढून घेतले. शर्ट खोचले, दप्तरं उचलली आणि ओळीनं जिना चढायला लागले. सरांच्या जवळून जाताना वेदांग म्हणाला, "नमस्ते सर." बाकीचे पाचही म्हणाले.

मुलीनं त्याच नळाखाली तोंड धरलं, चूळ भरली. पाण्याबरोबर रक्त गेलं आणि दाताचा एक कपचा गेला. मग तीही वर गेली.

सर तिच्या मागोमाग वर्गाच्या दारापर्यंत गेले आणि काचेतून आत पाहत राहिले. गणिताचा तास सुरू झाला होता. एकतीस माना वह्यांवर झुकल्या होत्या. पेन्सिलींचा आवाज तेवढा येत होता. अशी शांतता सरांनी उमेदीच्या काळात कधी पाहिली नव्हती, आणि गेले सहा महिने याच शांततेचं श्रेय घेऊन ते सभांमधून मान खाली घालून, लाजत, टाळ्या स्वीकारत आले होते.

मनोहर इंगवले त्या शाळेचे पर्यवेक्षक. शाळा फक्त सहावी ते आठवीची, म्हणजे अकरा ते चौदा वयाच्या पोरांची. बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्यांनी हातानं बनवलं होतं. मोठ्या कार्डशीटवर चौकटी आखायच्या, रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या, कोण रजेवर असेल त्या जागी बदली तास बसवायचा. बाकी माणूस अबोल. सुट्टीत ग्रंथालयात बसणारा, दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा. स्टाफरूममध्ये त्यांना 'गाय' म्हणत. छडी सर्रास चालायची त्या काळातसुद्धा त्यांनी कुणावर हात उगारला नव्हता.

सहा महिन्यांपूर्वी शाळेत 'लय' आलं.

या वयातल्या मेंदूची गंमत अशी, की राग, भीती, हौस यांचं केंद्र आधी जागं होतं. आणि त्यांना लगाम घालणारा कपाळामागचा भाग पुढे दहा-बारा वर्षं घडत राहतो. गाडी वेगात आणि ब्रेक अजून कारखान्यात, अशी ती अवस्था. झोप आणणारं द्रव्यही या वयात रक्तात उशिरा उतरतं, त्यामुळे सकाळी सातला गणित शिकवणं म्हणजे झोपलेल्याला जेवण भरवणं. पूर्वी हे सगळं शिक्षकांना अंदाजानं कळायचं. 'लय'ला ते मोजून कळत होतं. प्रत्येक मुलाच्या मनगटावर एक कडं. ते नाडी मोजायचं, कातडीवरचा घाम मोजायचं, रात्रीची झोप मोजायचं. नकाशांच्या जुन्या खोलीत ठेवलेलं यंत्र रोज पहाटे त्यावरून अख्ख्या शाळेचं वेळापत्रक नव्यानं मांडायचं. कोणत्या मुलानं कोणत्या तासाला कुणाशेजारी बसायचं, कोणत्या जिन्यानं जायचं, कोणत्या शिक्षकानं कुठे उभं राहायचं. दर तासानंतर हिशेब पुन्हा. ध्येय एकच दिलं होतं: तासातली शांत, एकाग्र मिनिटं वाढवायची. आणि ती वाढली होती. नापासांची संख्या निम्म्यावर आली होती. खेळाचा तास कमी होत होत गेला, तेव्हा कुणी तक्रार केली नाही. शुक्रवारी राज्याचं पथक शाळा पाहायला येणार होतं. पुढच्या वर्षी आठशे शाळांत 'लय' बसवायचं की नाही ते ठरणार होतं.

मधल्या सुट्टीत सरांनी त्या मुलीला ग्रंथालयात बोलावलं. हर्षदा खराडे. वय तेरा. बांधा ठेंगणा, खांदे रुंद.

"पडले सर," ती म्हणाली.

"नळावर? तीनदा?"

ती हसली. पुढचा दात तुटलेला दिसला. "तुम्ही बघितलंत व्हय."

"किती दिवस चाललंय हे?"

"दिवाळीपास्नं. रोज नसतंय."

"अगं, तू तालमीत जातेस. एकेकाला उचलून टाकशील."

"टाकीन की. पण वस्तादांनी कपाळाला माती लावून शब्द घेतलाय सर. तालमीतल्या मातीच्या हौद्याबाहेर हात उचलायचा न्हाई. उचलला तर हौद्यात परत पाय ठेवायचा न्हाई." तिनं दाराकडे पाहिलं. "जिल्ह्याची निवड पंधरा दिवसांवर आलीया. तुम्ही कुणाला बोलू नका. बाबांना कळलं तर ते आधी माझी तालीमच बंद करतील. मी श्वास मोजत बसते. संपतं मग."

 सरांनी खिशातला रुमाल तिच्यापुढे केला. तो तिनं घेतला नाही.

त्या दुपारी ते संगणक शिकवणाऱ्या शबाना तांबोळी मॅडमना घेऊन नकाशांच्या खोलीत बसले. मॅडम तिशीच्या आतल्या, तोंडानं स्पष्ट.

"ही बघा सर, हर्षदाची नोंद. अकरा बेचाळीस ते अकरा शेहेचाळीस. नाडी एकदम वर. असे एकसष्ट दिवस." मॅडमनी दुसरी रेघ उघडली. "आणि ही त्या सहा जणांची. सकाळपासून ताण चढत चढत जातो आणि अकरा शेहेचाळीसला धाडकन खाली येतो. त्यानंतर चाळीस मिनिटं वर्ग एकदम गार."

"योगायोग असेल," सर म्हणाले. ते स्वतःलाच समजावत होते.

"बघू ना." मॅडमनी त्या दिवसाचे रस्ते पडद्यावर आणले. सहा पोरांना मागच्या जिन्यानं पाठवलेलं. एका मिनिटानं हर्षदाला त्याच जिन्यानं, एकटीला. त्या मजल्यावर देखरेखीला असलेल्या जाधव सरांना त्याच वेळी दुसऱ्या टोकाला. एकसष्ट दिवस तीच मांडणी. "तुम्ही आज चुकून त्या जिन्यात गेलात. तुमच्या नावापुढं ग्रंथालय आहे."

"कुणी सांगितलं त्याला हे करायला?"

"कुणी नाही. एकदा आपोआप घडलं, वर्ग शांत झाला, ते शिकलं. त्याला मारणं-बिरणं कळत नाही सर. आकडे खाली आले, एवढं कळतं."

"पण हीच का? हिचाही ताण वाढतोच की."

मॅडमनी हर्षदाची नोंद पुन्हा पुढे घेतली. मग म्हणाल्या, "वाढतो. पण दुसरं कुणी मार खाल्लं तर त्याची नाडी ठिकाणावर यायला दोन-दोन तास लागतात. हिला नऊ मिनिटं. तालमीतलं काळीज आहे. सगळ्यात कमी नुकसान हिच्यात आहे."

सरांनी विचारलं, "वाटेतली ती चार मिनिटं... त्यांचं नुकसान नाही धरत?"

"धरत नाही. तुमच्या अर्जात शून्य आहे."

मग त्यांना आठवलं. यंत्र बसवताना दोनशे अकरा प्रश्नांचा अर्ज त्यांनी एकट्यानं, दोन रविवार बसून भरला होता. प्रत्येक गोष्टीला शून्य ते दहा महत्त्व द्यायचं. गणिताचा तास: दहा. ग्रंथालय: सात. 'दोन तासांमधला वेळ' असा एक प्रश्न होता. तिथे त्यांनी क्षणभरही विचार न करता शून्य लिहिलं होतं. बावीस वर्षं त्यांच्या कार्डशीटवर तास म्हणजे चौकट होती आणि दोन तासांमधली वेळ म्हणजे चौकटींमधली निळी रेघ. तिथे हजेरी नसते, विषय नसतो, शिक्षक नसतो. रेघेला काय महत्त्व द्यायचं? बाहेरच्या कुणा माणसानं तो अर्ज भरला असता तर त्यानं काहीतरी आकडा टाकला असता. शून्य लिहायला वेळापत्रक करणारा माणूसच हवा होता.

मुख्याध्यापिका नलवडे मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही ना, फार मनाला लावून घेता इंगवले सर."

"मॅडम, तिचा दात तुटलाय."

"मी त्या सहा जणांच्या पालकांना बोलावते. शनिवारी. शुक्रवारी पथक आहे. मधेच यंत्र बंद केलं तर काय सांगू त्यांना? आणि बंद करून काय होणार? आधी काय होतं इथे, विसरलात? आठवीतल्या पोरानं खिडकीतून बेंच टाकला होता. पन्नास पोरं नापास व्हायची."

"पण तोपर्यंत..."

"चार दिवस. तिला घरी बसवा हवं तर. ताप आहे म्हणा."

यावर बोलायला सरांकडे पुष्कळ होतं. ते दाराबाहेर आल्यावर सुचलं. परत आत जायला त्यांनी दाराच्या कडीला हात लावला, आणि काढून घेतला.

मंगळवारी शाळा सुरू व्हायच्या आधी त्यांनी तांबोळी मॅडमच्या मदतीनं, पण नलवडे मॅडमना न विचारता, त्या शून्याचा दहा केला.

"सर, एक लक्षात घ्या," तांबोळी मॅडम म्हणाल्या. "पोरांच्यातला राग हे यंत्र तयार करत नाही. ते फक्त त्याला वाट काढून देतं. ही वाट बंद केलीत, ते दुसरी शोधणार. जिथे मोजमाप नाही तिथे."

"अर्जात दुसरं शून्य नाही. मी रात्रभर तपासलाय."

"अर्जात नाही. पण ज्याच्या हातात कडं नाही तो त्याला दिसतच नाही."

"कुणाच्या हातात नाही?"

"आपल्या," मॅडम म्हणाल्या.

मंगळवारी जिन्यात कुणी कुणाला हात लावला नाही. प्रत्येक वळणावर शिक्षक उभा होता. पण वर्ग तापत गेले. सहावीत एकानं दुसऱ्याच्या बोटावर बाकाचं झाकण आपटलं, नख उपटून आलं. आठवीच्या दोन मुली एकमेकींच्या झिंज्या धरून फरशीवर लोळल्या. पडद्यावर अख्ख्या शाळेच्या ताणाचा आकडा सहा महिन्यांत पहिल्यांदा लाल झाला.

बुधवारी सकाळी सरांच्या नावापुढे बदली तास आला. सातवी, अकरा शेहेचाळीस. खोली वरच्या मजल्यावरची, टोकाची.

ते आत गेले तेव्हा यंत्रानं निवडलेली एकतीस मुलं बसली होती. सातवीतली सगळ्यात तापलेली. पहिल्या बाकावर हर्षदा. ती ताप असल्याचं सांगून घरी बसायला तयार झाली नव्हती. घरी बसलं तर तालमीलाही जाता येत नाही.

"बसा," सर म्हणाले.

"बसलोयच की," मागून वेदांग सरांच्याच पडेल आवाजात म्हणाला. वर्ग हसला.

सरांनी फळ्याकडे तोंड फिरवलं मात्र, डस्टर येऊन त्यांच्या मानेवर बसलं. मग पाण्याची भरलेली बाटली. ती खांद्यावर लागली आणि हात कोपरापर्यंत बधिर झाला. ते वळले. कुणाचंच नाव घेता येईना.

"कोण... कुणी फेकलं?"

"गाय हंबरली!" कुणीतरी ओरडलं.

एकाएकी बाकं मागे सरकली. दोघं दाराला पाठ लावून उभे राहिले. सर त्यांना बाजूला करायला गेले तर त्यांच्या मनगटात कर्कटकाचं टोक घुसलं. कुणाच्या हातातलं, दिसलंच नाही. रक्ताची धार बाहीत शिरली. आणि त्या गडबडीत वेदांग पुढे येऊन हर्षदाच्या मागे उभा राहिला होता. त्यानं तिची वेणी हाताला गुंडाळून मान मागे ओढली आणि कर्कटकाचं टोक तिच्या कानात धरलं.

"सर, हिला सांगा की हात उचल म्हणून," तो म्हणाला. "उचल गं. एकदाच. मग तुझी कुस्ती खलास."

हर्षदाचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. ती मोजत होती.

फळ्याखाली मीटरभर लांबीची लाकडी मोजपट्टी होती. ती हातात कधी आली हे सरांना नंतर कधीच आठवलं नाही. पहिला फटका वेदांगच्या दंडावर बसला आणि कर्कटक खाली पडलं. तिथेच थांबायला हवं होतं. दुसरा पाठीवर बसला, तिसरा मांडीवर. पोरगं खाली पडलं, त्यानं डोकं झाकलं, चौथा त्याच्या बोटांवर बसला. पाचव्याला मोजपट्टी मोडली. मग सरांनी त्याला कॉलर धरून उभं केलं आणि उघड्या पंजानं कानाखाली मारली. एकदा. पुन्हा एकदा. आणि त्या दुसऱ्या वेळी त्यांना फार बरं वाटलं. तीस वर्षांचं काहीतरी खांद्यातून वाहून गेलं, तसं.

वर्गात आवाज नव्हता. दाराशी उभी असलेली दोघं आपापल्या जागी जाऊन बसली होती. वेदांगच्या कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर उतरत होती. "सॉरी सर," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं नसावं, कारण तो परत, फार मोठ्यानं म्हणाला, "सॉरी सर!"

संध्याकाळी वेदांगचे वडील आले. कानाचा पडदा फाटल्याचा डॉक्टरांचा कागद त्यांच्या खिशात होता. सर खुर्चीतून उठले. आता आपल्याला मारतील, असं त्यांना वाटलं. मारावं, असंही वाटलं.

"बरं केलंत सर," मोहिते म्हणाले. "घरी आम्हाला आवरत नव्हता. असंच ताब्यात ठेवा."

गुरुवारी शाळेला सुट्टी होती. शुक्रवारी पहाटे तांबोळी मॅडमचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"सर, आजचं वेळापत्रक बघितलंत?"

"नाही."

"बुधवारी तुमच्या तासानंतर त्या खोलीचा आकडा सहा महिन्यांतला सगळ्यात खाली आला. एका पोराचं नुकसान आणि तीस पोरं दिवसभर गार. हर्षदापेक्षा स्वस्त." मॅडमनी पुढचं वाचून दाखवलं. "आज प्रत्येक तासाला तुमचा बदली तास आहे. आठही. वेगवेगळे वर्ग."

सर पलंगाच्या कडेवर बसून राहिले. आजारी आहे म्हणता आलं असतं. मग यंत्रानं पुन्हा हर्षदासाठी एखादा कोपरा शोधला असता. गच्ची, न्हाणीघर, फाटकाबाहेरची गल्ली. आपण फक्त वर्गात जाऊन उभं राहायचं, कुणाला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यात वाईट ते काय?

पहिल्या तासाला ते सहावीच्या वर्गात शिरले. बातमी आधीच पोचलेली होती. एकतीस पोरं एका दमात उठली, एका दमात बसली. पुढच्या बाकावरच्या एका लहानग्याच्या चड्डीखालून फरशीवर ओघळ आला. दुसऱ्या तासाला, तिसऱ्या तासाला तेच. ते काही शिकवत नव्हते, काही बोलत नव्हते. ते येत होते एवढंच. भीतीनं थिजलेल्या पोरांची नाडीही संथ पडते, आणि पडद्यावरचा शाळेचा आकडा हिरवागार झाला होता.

अकरा शेहेचाळीसला सातवी, तीच टोकाची खोली. पथक तिथेच आलं. दोन पुरुष, एक बाई, हातात पाट्यांसारखे पडदे. बरोबर नलवडे मॅडम, चेहरा फुललेला.

"विलक्षण," पथकातले एक गृहस्थ दारातूनच हलक्या आवाजात म्हणाले. "या वयाची मुलं! किती वर्षांचा अनुभव तुमचा, सर?"

सर वर्गात गेले. वेदांग कानाला पट्टी बांधून बसला होता, नजर वहीत. हर्षदा पहिल्या बाकावर. तिच्याकडे बघून सरांना वाटलं, हिच्यासाठी तरी हे बरं झालं. निवडीला अजून अकरा दिवस आहेत, तिला आता कुणी हात लावणार नाही. तिच्या बाकावर, वहीच्या शेजारी, खडूचा तुकडा पडला होता. तारीख लिहावी म्हणून तो उचलायला सरांनी हात पुढे केला.

हर्षदाचा उजवा हात झटकन वर गेला. कोपर वाकवून तिनं चेहरा आणि कान झाकून घेतले, आणि मान खांद्यात ओढली. डोळे मिटले. ओठ हलायला लागले.

सरांचा हात तसाच हवेत राहिला. सहा जणांच्या घोळक्यात या पोरीला त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा ज्या तोंडानं ती श्वास मोजत होती, तेच तोंड आता त्यांच्यासमोर होतं.

ते एक पाऊल मागे सरले. मग आणखी एक. फळ्यापर्यंत गेले, तिथून बाजूबाजूनं दाराकडे. ते जसे लांब गेले तसं तिचं कोपर थोडं थोडं खाली आलं. त्यांची पाठ दाराच्या चौकटीला लागली तेव्हा कुठे तिचा हात बाकावर टेकला.

"काही हवंय का सर?" नलवडे मॅडमनी हळूच विचारलं.

"या वर्गाचा आकडा किती आहे?" सरांनी पथकातल्या बाईंना विचारलं.

"उत्कृष्ट आहे. सगळे शांत आहेत."

"शांत नाहीत," सर म्हणाले. आवाज कापत होता. तो कापू दिला. मागच्या बाकापर्यंत ऐकू जावं म्हणून त्यांनी तो आणखी चढवला. "त्या पट्टी बांधलेल्या मुलाचा कान मी फोडलाय. परवा, याच खोलीत. आणि त्याच्या आधी एकसष्ट दिवस या शाळेनं दुसऱ्या एका लेकराला मारलं. त्याचं वेळापत्रक मी भरून दिलं होतं. कागद घ्या आणि लिहून घ्या."

"इंगवले सर!" नलवडे मॅडमनी त्यांचा दंड धरला.

सरांनी तो सोडवून घेतला नाही. दारात उभं राहूनच, वर्गापासून जमेल तेवढं लांब, ते दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवसापासून सांगायला लागले. पथकातल्या बाईंच्या हातातला आकडा हळूहळू लाल होत गेला. मागच्या बाकावर कुणीतरी रडायला लागलं होतं, आणि वेदांग शेजारच्याला मोठ्यानं विचारत होता, "काय म्हणतायत? सर काय म्हणतायत?"